ओरडल्याशिवाय ट्रक हलत नाही

४ फेब्रुवारी

घसा बसलाय! सामान उचलणाऱ्यांची कंबर बसते, गुडघे जातात. माझा घसा गेला. लोकांची घरं हलवणाऱ्या कंपनीत लागून अजून धड महिना नाही आणि बोललो की बदक ओरडल्यासारखं वाटतंय.

कारण बूमसाहेबांचा नवा नियम. (खरं नाव दुसरंच आहे. पण दर वाक्याच्या शेवटी 'बूम!' म्हणतात, म्हणून ट्रकवाल्यांनी बारसं उरकून टाकलं.) नियम असा— सगळं सामान नव्या घरात लावून झालं की ट्रकचं मागचं दार लावायच्या आधी टीमनं एकत्र उभं राहायचं आणि इंग्रजीत ओरडायचं. काम नीट झालं तर 'नेल्ड इट!' वेळेआधी झालं तर 'क्रश्ड इट!' गिऱ्हाईकानं आपल्यासमोर फोन काढून पाच तारे दिले तर 'किल्ड इट!' ते फोनवर रेकॉर्ड करून ऑफिसच्या ग्रुपवर टाकायचं. ओरडा पोचला नाही तर ऑफिस पुढच्या कामाचा पत्ता देत नाही. म्हणजे डिझेल असो नसो, ओरडल्याशिवाय ट्रक हलत नाही!

पैलवाननं मीटिंगमध्ये हात वर केला. (पैलवान म्हणजे आमच्या टीममधली काडी. पंख्याखाली उभा राहिला तर आम्हीच त्याला धरतो.)

"साहेब, काही फुटलं तर काय ओरडायचं?"

"निगेटिव्ह नको. एनर्जी हवी!"

"नाही, पण फुटलं तर?"

"फुटणारच नाही. बूम!"

सगळे हसले. दाजीही. दाजी म्हणजे ताईचा नवरा, आमच्या टीमचे मुकादम. मला नोकरी त्यांनीच लावली, राहतोही त्यांच्याकडेच, गॅलरीतल्या दिवाणावर. म्हणून मी गप्प बसलो. नाहीतर बोललो असतो.

७ फेब्रुवारी

आज ओरडण्याचा पुढारी म्हणून माझी नेमणूक झाली. बूमसाहेब म्हणाले, "तुझा आवाज आहे, इंग्रजी पण आहे. तू लीड कर." इंग्रजी कसली! नववीत दोनदा बसलो. नंतर टुरिस्टांच्या बोटीवर भांडी घासली, तिथं कानावर पडली तेवढी. ती बोट मस्त होती. सकाळी पाणी असं काचेसारखं— जाऊ दे, ते नंतर.

सांगायचं ते हे की मला राग येतोय. विचार करत होतो, ह्यांचे जिंकायचे सगळे शब्द मारामारीचे का? खिळा ठोकला. चिरडलं. जीव घेतला. कुणाचा? सोफ्याचा? मग आठवलं, आपलेही तसेच की. बाजी मारली, मैदान मारलं, धूळ चारली. पण ते माणूस कधीतरी म्हणतो, आणि स्वतः म्हणतो! फ्रिज चौथ्या मजल्यावर चढवला म्हणून कुणी मैदान मारत नाही. दाजी म्हणायचे, "झालं बुवा." घाम पुसायचे, पाणी प्यायचे. 'झालं बुवा' ह्या दोन शब्दांत सगळं येत होतं. थकलो, सुटलो, फुटलं नाही, चला.

आता 'झालं बुवा' पाठवलं तर ऑफिस विचारतं— एनी प्रॉब्लेम?

११ फेब्रुवारी

गिऱ्हाईकाचं मांजर सापडेना. शोधून शोधून सगळे रडकुंडीला. शेवटी आम्ही ट्रकमागे उभे राहून 'नेल्ड इट!' ओरडलो आणि 'चादरी' लिहिलेल्या खोक्यातून उत्तर आलं— म्याव! रेकॉर्डिंगमध्ये स्पष्ट ऐकू येतंय. ऑफिसनं तरीही फुगवलेल्या दंडाचं चित्र पाठवलं, शाबासकीचं.

१५ फेब्रुवारी

नवा ट्रक आलाय. गोदामाच्या दारात उभा आहे, अजून सीटवरचं प्लास्टिक काढलेलं नाही. मागे लोखंडी फळी आहे, बटण दाबलं की जमिनीला टेकते, पुन्हा दाबलं की सामानासकट वर. उचलायचं म्हणून नाही! दाजी बराच वेळ ते बटण दाबत होते. फळी खाली, फळी वर. लहान मुलासारखे. ड्रायव्हरमामा म्हणाले, "अहो मुकादम, बॅटरी उतरेल."

तो कुणाला मिळणार? ज्यांच्या टीममध्ये सगळ्यांत वयस्कर माणसं आहेत त्यांना? ज्यांच्या पाठी गेल्यात त्यांना? छे! महिन्याभरात ज्यांचे सगळ्यांत जास्त 'क्रश्ड' आणि 'किल्ड' जातील त्यांना. चॅम्पियन टीम. म्हणजे ज्यांना सगळ्यांत कमी गरज आहे त्यांना. असल्या अकलेला काय म्हणावं!

घरी येताना दाजी म्हणाले, "मेव्हणे, तो ट्रक आपल्याला पाहिजे. घसा साफ ठेवा." गमतीत म्हणाले. पण जेवताना ताईलाही सांगितलं. "तो ट्रक मिळाला ना, तर अजून दहा वर्षं काम करीन मी." ताई म्हणाली, "आधी भाजी घ्या."

१९ फेब्रुवारी

नीट लिहितो, नाहीतर उद्या मीच म्हणेन की तसं काही नव्हतं.

तिसरा मजला. लिफ्ट आहे, पण तिच्यात दोन माणसं आणि एक छत्री मावेल, बस. आजी-आजोबा दोघंच, मुलीजवळ राहायला चालले होते. सगळं उतरलं, राहिलं ते कपाट. आरशाचं. जुन्या लाकडाचं, अख्खं, कुठे स्क्रू नाही, सुटं होत नाही. दाजींनी दारं बिजागरीतून काढली, आरशाला ब्लँकेट गुंडाळलं, पट्टे घातले. जिन्यात असं असतं— वरचे दिशा देतात, खालचा वजन घेतो. खाली नेहमी दाजी. वर मी आणि पैलवान.

दुसऱ्या वळणावर पैलवानचा पट्टा खांद्यावरून सरकला. कपाट एकदम खाली गेलं. हातभरच गेलं, आणि थांबलं. थांबलं कारण खाली दाजी होते. त्यांनी पाठ लावली. एक आवाज आला. लाकडाचा नव्हता.

मग खालून, अगदी शांतपणे— "आरसा बघा."

आरसा शाबूत होता. आरसा!

दाजी कठडा धरून पायरीवर बसले. मी म्हटलं, मामांना बोलावतो. "नको. जरा लचक भरली. चल, उचल." आणि उचललं त्यांनी. नव्या घरी तळमजला होता म्हणून निभावलं. दुपारीच काम संपलं, ठरल्यापेक्षा खूप आधी. ट्रकमागे उभे राहिलो. पैलवान रडायच्या बेतात. दाजींनी माझ्याकडे बघितलं, मान हलवली— कर सुरू.

आणि मी केलं. थ्री, टू, वन! 'क्रश्ड इट!' सगळे ओरडलो. दाजीही ओरडले, सगळ्यांत मोठ्यानं. आजीला वाटलं आम्ही आनंदात आहोत, तिनं टाळ्या वाजवल्या. ऑफिसकडून लगेच ज्वाळांचं आणि दंडाचं चित्र.

फोन जिन्यावरून खाली फेकून द्यावासा वाटत होता.

२० फेब्रुवारी

सकाळी ताईनं दाजींच्या बुटांच्या नाड्या बांधल्या. गुडघ्यावर बसून. दाजी भिंतीकडे बघत होते. दोघंही असं करत होते की जसं काही लग्नापासून नाड्या तीच बांधते! मी चहा घेऊन गॅलरीत गेलो. समोरच्या गच्चीवर एक माणूस पतंगाचा दोरा सोडवत बसला होता. चहा गार होईपर्यंत त्यालाच बघत राहिलो. काही गोष्टी बघवत नाहीत म्हणून माणूस दुसरीकडे बघतो. मला ते फार छान जमतं.

२३ फेब्रुवारी

ट्रकमध्ये भांडलो. मामा गाडी चालवत होते, पैलवान मागे.

"दाजी, ऑफिसला सांगा."

"काय सांगू? आपण 'क्रश्ड' पाठवलंय त्या कामाचं. आता म्हणू, पाठ गेली? मग ते काम यादीतून कापतील. ट्रक जाईल."

"ट्रक घालायचाय काय चुलीत!"

"तो ट्रक मिळाला तर पाठीचं सगळं सुटतं. फळी उचलते, आपण नाही. कळलं? आठवड्याचा प्रश्न आहे. तेवढं निभावायचं."

"आणि तेवढ्यात तुम्हीच मोडून पडलात तर?"

"नाही पडत."

मामांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. "पोरा, माणसाला तोल सांभाळू दे. मधेच हात घातलास तर दोघंही पडता."

म्हणी ऐकायला छान वाटतात. मी मात्र जिन्यात तो आवाज ऐकलाय. मला राग दाजींचा येतोय का बूमचा, हेच कळत नाही. अर्धा अर्धा. नाही, बूमचा जास्त. ज्या माणसानं कामाच्या शेवटी म्हणायला तीन शब्द दिले आणि तिन्ही जिंकल्याचे! हरल्याचा एक तरी ठेवायचा. लागल्याचा एक तरी. आगीचा बंबसुद्धा लाल रंगवतात की नाही, दिसावा म्हणून?

पेनची शाई संपत आलीये. पेन हा विषय नाही.

२६ फेब्रुवारी

आम्ही पुढे आहोत म्हणे. अभिनंदन.

१ मार्च

बोललो. झालं ते झालं.

गोदामात सगळ्या टीम जमल्या. लाकडी फळ्यांचं एक स्टेज केलं होतं, वीतभर उंच. बूमसाहेब माइक घेऊन वर, हातात नव्या ट्रकची किल्ली, तिला लाल फीत. "चॅम्पियन टीम—" आणि आमचंच नाव. टाळ्या, शिट्ट्या. पैलवाननं उडी मारली. मी दाजींकडे बघितलं. ते हसत होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदा खरंखुरं.

"मुकादम, वर या!"

दाजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. सहज ठेवल्यासारखा. पण त्या हातावर त्यांचं सगळं वजन होतं— मला गुडघा टेकवावा लागला असता. एक पाय उचलला. वीतभर फळी! पाय वर गेला आणि तिथंच राहिला. चेहरा पांढराफटक.

"अरे चला, एनर्जी! लाजतात मुकादम!" सगळे हसले. "बरं, आधी आरोळी! लीड कोण? तू!" आणि माइक माझ्या तोंडापुढे.

तोंड उघडलं. थ्री म्हणायचं होतं.

"ह्यांची पाठ गेलीय."

माइकमुळे ते सगळ्या गोदामात घुमलं. मग थांबता येईना. "त्या आरशाच्या कपाटाच्या दिवशी. जिन्यात. त्याच कामाचं आम्ही 'क्रश्ड इट' पाठवलं. मीच ओरडवलं."

कुणी हसेना. बूमसाहेबांनी माइक खाली घेतला. "मुकादम, खरं?"

"पोरगं आहे. काहीही बोलतं."

"मग या ना वर." टोमणा नव्हता. खरंच म्हणत होते. ते या म्हणाले आणि दाजी फळीकडे बघत उभे राहिले. आले नाहीत.

किल्ली दुसऱ्या टीमला गेली. सेफ्टी, म्हणाले. बूम म्हणाले नाहीत. नंतर मला बाजूला घेतलं. "मला कुणी का नाही सांगितलं?" आणि डोळ्यांत पाणी! खरं पाणी! ह्याचाच तर जास्त संताप आला. वाईट माणूस असता तर शिव्या तरी देता आल्या असत्या. 'साहेब, तुम्ही सांगायला जागा कुठं ठेवली होती?' हे उत्तर मला सुचलं, पण घरी येऊन हात धुताना.

२ मार्च

ताई— "तुला कुणी विचारलं होतं?"

"तूच तर नाड्या बांधत होतीस!"

"बांधत होते. बोलत नव्हते."

दाजी आतल्या खोलीत, पाठीखाली उशी, तोंड भिंतीकडे. तिकडूनच म्हणाले, मला नाही, ताईला— "तो आज इथं आहे, उद्या आणखी कुठं. खरं बोलून निघून जाणं सोपं असतं. मला इथंच राहायचं होतं. त्या ट्रकवर."

कुणीतरी मुस्काटात मारली असती तर बरं झालं असतं. बोट सोडली, त्याआधी मोबाइलचं दुकान सोडलं, त्याआधी काकांचं प्रिंटिंग. मला सोडायला जमतं हे सगळ्यांना माहीत आहे. पण ह्या वेळी मी पळण्यासाठी बोललो नव्हतो! कसं पटवणार? गॅलरीतल्या दिवाणावर झोपणाऱ्या माणसाचं कोण ऐकतं.

६ मार्च

डॉक्टर म्हणाले, मणक्यातली चकती सरकलीय. ऑपरेशन आत्ता नको. आराम, व्यायाम, आणि वजन कधीच नाही. 'कधीच' दोनदा म्हणाले.

बूमसाहेबांनी दाजींना ऑफिसात घेतलं. खुर्ची दिली, कानाला हेडफोन दिला. काम काय? तर दिवसभर टीमचे ओरडे ऐकायचे आणि पुढचा पत्ता द्यायचा! ज्या माणसानं मोडल्या पाठीनं ओरडून दाखवलं, त्यालाच आता ऐकायला बसवलंय. आणि सगळे म्हणतात, साहेबांनी माणुसकी दाखवली. ताईनं खुर्चीसाठी उशी शिवली. मी म्हटलं, शिव, शिव, चांगली जाड शिव. ती म्हणाली, "तू बाहेर जाऊन ये जरा."

गेलो. पुलावरून बराच वेळ मालगाडीचे डबे बघितले. प्रत्येक डब्यावर खडूनं काहीतरी खूण. कोण करत असेल? कुठं जात असतील?

९ मार्च

बाकीच्या टीमला दाजी फोन करून पत्ता सांगतात. आम्हाला लिहून पाठवतात.

१२ मार्च

बॅग भरली. फार काही नाहीच. दोन पँट, बोटीवरचा स्वेटर, हा कागदांचा गठ्ठा. पगार हातात आला की निघायचं, असं ठरवून मामांना सांगितलं. मला वाटलं अडवतील.

"जा की. तुला कुणी बांधून ठेवलंय." मग टायरवर लाथ मारत— "फक्त एवढं सांगून जा, खाली कोण धरणार?"

"पैलवान."

"पैलवान!"

पैलवान शेजारीच केळं खात होता. तो म्हणाला, "धरतो ना. त्यात काय." आणि केळ्याचं साल खिशात घातलं, पिशवीत टाकायचं सोडून. हा माणूस कपाटाखाली! ह्याला तर कपाट दिसणारसुद्धा नाही, नुसतं लागेल.

बॅग दिवाणाखाली सरकवली. राहिलो म्हणून नाही. नवा मुकादम मिळेपर्यंत. तेवढंच. खाली मी धरतोय आता. वजन म्हणजे काय ते वरून कळतच नव्हतं. वर होतो तेव्हा वाटायचं, आपण तिघं उचलतोय.

आरोळीही मीच देतो अजून. काय करू? पत्ता पाहिजे.

२१ मार्च

वॉशिंग मशीन. शेवटच्या पायरीवर माझा घोटा वळला. कुणाला बोललो नाही— पैलवान घाबरला असता, मामांनी घरी पाठवलं असतं, आणि दुपारचं काम पियानोचं होतं. ट्रकमागे उभे राहिलो. 'नेल्ड इट!' पाठवलं.

पत्ता आला नाही. फोन वाजला. दाजी. गोदामातल्या त्या मीटिंगनंतर पहिल्यांदा त्यांचा आवाज सरळ माझ्या कानात.

"सगळ्यांत मोठ्यानं कोण ओरडलं?"

"मी."

"माझाही आवाज कपाटाच्या दिवशी असाच निघाला होता. कुठं लागलंय?"

मामा बघत होते. पैलवान बघत होता.

"घोटा, दाजी."